सुधारित मेंढा

बाई, काल परत वाडीवर जाऊन आलो. पोलादपूरला एसटीतून उतरलो, फाट्यापर्यंत जीप मिळाली आणि पुढे तोच चढ. तुम्ही पदर खोचून, पायात कॅनव्हासचे बूट घालून तो भराभरा चढायचात आणि वर थांबून मला म्हणायचात, "काय रे, तुडीलचा ना तू? नदीकाठची माणसं चढाला कच्चीच." आता माझं वय तुमच्या तेव्हाच्या वयाएवढं झालंय, गुडघे कुरकुरतात, आणि वर थांबून टोमणा मारायला कोणी नाही. खरं सांगतो, टोमण्याशिवाय तो चढ दुप्पट वाटतो. ओढा दिसायच्या आधीच आवाज ऐकू आला. ठक. जरा थांबून पुन्हा ठक. म्हटलं, चला, चालू आहे. वरच्या घरातली म्हातारी ओटीवर बसली होती. तीच ती, जिनं पहिल्याच दिवशी तुम्हाला विचारलं होतं, "गो बाय, ह्याला डिझल खयच्या भोकात घालायचा?" मला बघून म्हणाली, "मेंढा बरा हाय तुजा. मदी दोन दिस बंद पडला व्हता, तर ठकठक नाय म्हणून झोप नाय लागली बघ." सगळी वाडी त्या पंपाला मेंढाच म्हणते. परतीच्या वाटेवर तो शब्द डोक्यातून जाईना, म्हणून आज लिहायला बसलोय.

तुम्ही आमच्या महाडच्या तंत्रनिकेतनात फ्लुइड पॉवर शिकवायचात. तेलाच्या नाहीतर पाण्याच्या दाबाकडून काम करून घ्यायचं शास्त्र, अशी सोपी व्याख्या तुम्ही पहिल्या तासाला सांगितली होती आणि मागच्या बाकावरून कोणीतरी "म्हणजे जॅक" असं ओरडलं होतं. "हो, जॅक. आणि तुझ्या डोक्याखाली लावला तरी ते वर यायचं नाही," असं तुम्ही म्हणालात, तेव्हापासून वर्ग तुमचा. प्रयोगशाळा म्हणजे काय, तर हायवेवरच्या गॅरेजमधून मागून आणलेले दोन जॅक आणि एक गळका पंप. खरी प्रयोगशाळा तुमचं स्वयंपाकघर. मी शेवटच्या वर्षाला होतो, वह्यांचा गठ्ठा घेऊन तुमच्या घरी आलो होतो. तुम्ही भाकरी थापत होतात. पिठाच्या हातानंच तुम्ही नळ पूर्ण सोडलात आणि एकदम बंद केलात. भिंतीतला पाईप धाडकन वाजला. "ऐकलंस? वाहतं पाणी एकदम अडवलं की ते चिडतं. ते चिडणं कामाला लावायचं. वीज नको, डिझेल नको. खाली दहा हंडे वाहून गेले तर त्यांच्या धक्क्यानं एक हंडा वर डोंगरावर चढतो. झाला हायड्रॉलिक रॅम." मग तुम्ही ती भाकरी मला वाढलीत, वर कांदा फोडून दिलात, आणि तोंडात घास असताना विचारलंत, "झडप कुठली आधी मिटेल?" मला ठसका लागला होता. अजून रॅमचं चित्र काढलं की मला भाकरीचा वास येतो.

पुढे मी तिथंच नोकरीला लागलो, तुमच्या हाताखाली. "हाताखाली नाही रे, बाजूला," असं तुम्ही म्हणायचात, पण फळा मात्र मलाच पुसायला लावायचात. नव्वदीची शेवटची वर्षं होती ती. पोलादपूरच्या वरच्या त्या वाडीतल्या बायका ओढ्यावरून डोक्यावर हंडे चढवताना तुम्ही बघितल्यात आणि तुमच्या डोक्यात रॅमनं घर केलं. बाजारात मिळणारा रॅम आपल्या ओढ्यावर चार महिने टिकायचा नाही. पावसाळ्यात पाण्याबरोबर रेव येते, झडपेत बसते, रबर खाऊन टाकते. आपल्या पाण्याला टिकणारी झडप शोधायची तर वेगवेगळ्या झडपा महिनोन्‌महिने चालवून बघायला एक चाचणीची मांडणी हवी, आणि ती उभी करायला सरकारी अनुदान हवं. कॉलेजकडे खडूला पैसे नव्हते. एकदा वर्कशॉपच्या पायरीवर डबा खाताना तुम्ही म्हणालात, "दुसऱ्यांच्या पुस्तकातलं शिकवण्यात जन्म गेला. एक तरी काम माझ्या नावावर असावं रे. मुख्य संशोधक, आणि पुढं माझं नाव. बस्स. मग रिटायर होते." पुढच्या मे महिन्यात तुम्ही निवृत्त होणार होतात. इतकं सरळ काही मागताना मी तुम्हाला त्याआधी कधी ऐकलं नव्हतं, आणि म्हणून मी त्या अर्जाला अंगात आल्यासारखा भिडलो.

महिनाभर रोज संध्याकाळी तुमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर अर्ज चालला. तुम्ही भेंडी चिरत सांगायचात, मी एका लांब वहीत उतरवून घ्यायचो. मी एकदा "ग्रामीण जीवनात क्रांती घडवून आणणारे" असं मधेच घुसडलं, तर तुम्ही सुरी खाली ठेवलीत. "सरकारकडे झडप मागतोय आपण. भाषण करायला स्टेजवर चढलायस का? खोड ते." मी खोडलं. "आणि हे बघ, शहाणपणा जिथं लागतो तिथं झडपेत दाखव, कागदावर नको." कान लाल झाले माझे, पण राग नाही आला. तुमचं रागावणं तेवढ्यापुरतंच असायचं, पाठोपाठ चहा यायचा. मूळ अर्ज इंग्रजीतच होता, पण वर एक पान मराठीत लावायचं होतं, शीर्षक आणि सारांश. त्या शीर्षकावरूनच मुंबईच्या कचेरीत फाईल कुठल्या टेबलावर जायची ते ठरायचं, हे आपल्या दोघांनाही ठाऊक नव्हतं. वही घेऊन मी खोलीवर गेलो, पक्की प्रत केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वहीसकट तुमच्यापुढे सहीला धरली. तुमचा तास सुरू होत होता. "तुझं अक्षर मोत्यासारखं आहे, वाचायचं काय त्यात," असं म्हणून उभ्या उभ्या सही केलीत आणि खडू घेऊन वर्गात गेलात.

तीन महिन्यांनी उत्तर आलं. स्टाफरूममध्ये तुम्ही पाकीट फोडलंत, वाचलंत, परत वाचलंत, आणि पत्र माझ्यापुढं सरकवलंत. आपलं शीर्षक होतं, 'डोंगरी वाड्यांसाठी सुधारित मेंढा : संशोधन व प्रसार'. रॅम म्हणजे मेंढा, शब्दकोशात बघून लिहिलेला. फाईल सरळ गुराढोरांच्या खात्याकडे गेली होती. त्यांनी बिचाऱ्यांनी अगदी मनापासून विचारलं होतं की प्रस्तावित मेंढ्याची जात व वय कळवावे, चाऱ्याची व निवाऱ्याची काय व्यवस्था आहे ते नमूद करावे, आणि कोकणातील अतिपावसात मेंढ्या तग धरत नसल्याने प्रस्तावाचा फेरविचार व्हावा. अहो, तुम्ही हसलात किती! डोळ्यांतून पाणी येईस्तोवर, चष्मा काढून, टेबलावर हात आपटत. शिपाई धावत आला. "त्यांना सांगा, मेंढा पावसातच चालतो, आणि चारा म्हणून रेव खातो," असं तुम्ही म्हणालात आणि सगळी स्टाफरूम हसली. मीही हसलो. मग तुम्ही चष्मा परत लावून पाकिटावरची तारीख बघितलीत. ज्या समितीपुढे आपला अर्ज जायचा, तिची बैठक होऊन गेली होती. पुढची एकदम पुढच्या वर्षी. आणि मुख्य संशोधक नोकरीत असलाच पाहिजे, असं नियमात साफ लिहिलं होतं.

"हा शब्द कुठून आला रे?" तुम्ही अगदी साध्या आवाजात विचारलंत. मी म्हटलं, "तुम्हीच म्हणाला होतात ना बाई, मराठीत लिही म्हणून. रॅमचं मराठीही तुम्हीच सांगितलंत." तुम्ही चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघितलंत. फार वेळ नाही. मग म्हणालात, "म्हटलं असेन." प्राचार्यांनी बोलावलं तेव्हा मी दाराबाहेर उभा होतो. ते म्हणाले, "बाई, अहो, असं कसं झालं? त्या पोरानं केलं की काय?" तुमचा आवाज बाहेर स्पष्ट आला. "सही माझी आहे, चूक माझी आहे. त्याला यात ओढायचं नाही." बाहेर येऊन तुम्ही मला म्हणालात, "चल, चहा पिऊ." कँटीनचा तो चहा मला आजही गिळवत नाही.

मे महिन्यात तुमचा निरोप समारंभ झाला. शाल, नारळ, आणि ज्यांना तुमचा विषयही धड माहीत नव्हता त्यांची लांबलचक भाषणं. तुम्ही मागं वळून मला जांभया दाखवत होतात. सगळं आटोपल्यावर पिशवीतून तीच लांब वही काढून माझ्या हातात दिलीत. "ठेव. पुढच्या अर्जाला लागेल." पुढचा अर्ज माझ्या नावानं केला, शीर्षकात 'पाण्याच्या दाबावर चालणारा पंप' असं लिहून, आणि तो मंजूर झाला. मी पेढे घेऊन तुमच्याकडे धावत आलो. तुम्ही दार उघडलंत आणि आत ओरडलात, घरात कोणी नसताना, "अहो ऐकलंत का, मुख्य संशोधक आलेत! पाट मांडा!" खळखळून हसलात, माझी दृष्ट काढल्यासारखे कपाळावर हात फिरवलेत. मग पेढा अर्धाच खाल्लात आणि विचारलंत, "झडपेला कुठलं रबर घ्यायचं ठरवलंयस?" त्यानंतर दीड वर्ष तुम्ही रोज वर्कशॉपमध्ये येत होतात, बिनपगारी, बिननावाच्या. ट्रकच्या जुन्या टायरमधून झडपा कापायची कल्पना तुमची. ओढ्यातलीच रेव पोत्यानं आणून टाकीत सोडायची, ती तुमची. नवीन मुलं विचारायची, "सर, या आजी कोण?" अहवालात नाव घालायला रकानाच नव्हता, म्हणून शेवटी आभार मानले. दोन ओळींत. तुम्ही वाचून म्हणालात, "छान आहे. क्रांती नाही लिहिलीस, सुधारलास."

आणि तो दिवस. आपण पंप ओढ्याशी बसवला, झडप हातानं दोनचारदा दाबली, आणि तो स्वतःहून चालू लागला. ठक, ठक, ठक. वर माणसं पाईपच्या तोंडाशी घोळका करून उभी होती. खालून काही दिसेना. मग वरून आरोळी आली, "आला रे आला! पाणी आला!" तुम्ही ओढ्यातल्या दगडावर मटकन बसलात आणि रडलात. लपवलं नाहीत. मग आपण वर गेलो, आणि त्या म्हातारीनं, तेव्हा ती म्हातारी नव्हती, तुम्हाला विचारलं, "गो बाय, ह्याला म्हणायचा तरी काय?" तुम्ही माझ्याकडे बघितलंत, तसंच चष्म्याच्या वरून, आणि म्हणालात, "मेंढा. नाव आमच्या ह्या सरांनी ठेवलंय." वाडी हसली. जनावरांच्या पत्राची सगळी गोष्ट तुम्ही रंगवून सांगितलीत, चाऱ्यासकट. मीही हसलो, बाई. तेव्हा बोलायला हवं होतं. तुम्ही दार उघडून उभ्या होतात, नुसतं आत यायचं होतं. मी पाईपच्या तोंडाकडे बघत बसलो.

नंतर तुम्ही चार वर्षं होतात. मी दर रविवारी यायचो, आपण अर्जांबद्दल, पोरांबद्दल, तुमच्या न दुखणाऱ्या आणि माझ्या दुखणाऱ्या गुडघ्यांबद्दल बोलायचो. एकदाही तो विषय निघाला नाही. तुम्ही गेलात तेव्हा सगळ्यांच्या मागं उभं राहून मी इतका रडलो की कोणीतरी मला तुमचा मुलगा समजून खुर्ची दिली, आणि मी बसलो. आता मीच दुसऱ्यांचे अर्ज तपासायला टेबलाच्या पलीकडे बसतो. कोणी तरुण मास्तर मोठमोठे शब्द लिहून आला की हसू येतं, आणि मी त्याला शीर्षक पुन्हा वाचायला लावतो. मोठ्यानं. लोक मला खडूस म्हणतात. म्हणोत.

ती लांब वही समोर आहे. तुम्ही दिलीत त्याच संध्याकाळी तुडीलला घरी जाऊन मी ती उघडली होती. एका पानाचा कोपरा दुमडलेला होता. मी वह्यांची पानं दुमडत नाही, तुम्ही दुमडायचात. पान माझ्याच अक्षरातलं, तुम्ही सांगितलेलं, 'डोंगरी वाड्यांसाठी सुधारित रॅम'. खाली समासात मी उतरवून घेतलेलं तुमचं वाक्य, 'रॅमला रॅमच लिही, गॅरेजवालाही रॅमच म्हणतो.' ते पान वाचूनच तुम्ही वही मला दिलीत, आणि तरी त्या डोंगरावर नाव मी ठेवलं एवढंच हसत सांगितलंत. सरकारी कागदाला भारदस्त मराठी हवं असं मलाच वाटलं होतं, रात्री खोलीवर शब्दकोश मीच उघडला होता. हा कागद आता कुठल्या टेबलावर पाठवू? त्याच पानाशी घडी करून ठेवतोय. "म्हटलं असेन," म्हणाला होतात. नव्हतं म्हटलंत, बाई.