मिस पर्लची लांबी

२ फेब्रुवारी १९९२, रविवार
आजपासून ही वही. नेडीन गेली त्याला उद्या चौदा आठवडे होतील. डॉक्टर म्हणाले होते, मनातलं कागदावर उतरवत जा. माझ्या मनात तसं काही नाही. पण वही आणलीच आहे तर वाया कशाला घालवा.

संकल्प. रोज दाढी करणे. तळलेलं कमी खाणे. नेडीनला दिलेला शब्द पाळणे.

तिसरा सगळ्यात सोपा, कारण त्यात काही करायचंच नाही. एक साप मारायचा नाही, आणि तो कुठे आहे ते कुणाला सांगायचं नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार, दुपार
दाढी राहिली. ऊन चांगलं होतं. मागच्या पाइन झाडांखाली कासवाचं जुनं बीळ आहे, त्याच्या तोंडाशी मिस पर्ल येऊन पडली होती. रॅटलस्नेक. माझ्या दंडाएवढी जाड. हे नाव नेडीननं ठेवलेलं. अकरा वर्षं नेडीन तिच्यापासून बारा पावलांवर स्टूल टाकून मटार सोलत बसायची, आणि मिस पर्लनं शेपटीचा खुळखुळा एकदाही वाजवला नाही. मी कुंपणापाशी उभा राहायचो. भीती म्हणून नाही, कुणीतरी लांबून लक्ष ठेवायला हवं म्हणून.

हॉस्पिटलात नेडीन म्हणाली होती, तिला मारू नकोस, ऑर्विल. आपण मारू शकतो, एवढं कारण पुरेसं नसतं. मी म्हटलं, शब्द दिला. मग ती म्हणाली, आणि ड्यूईला सांगू नकोस. ड्यूई तिचा सख्खा भाऊ. पण मला वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. मी काय तोंडाचा फाटका आहे?

७ फेब्रुवारी, शुक्रवार
अल्टनच्या दुकानात केस कापायला गेलो. भिंतीवर आमच्या गावच्या सापांच्या मेळ्याचे फोटो. मार्चमध्ये मेळा भरतो, माणसं रानातून साप पकडून आणतात, सगळ्यात लांब साप आणणाऱ्याला पितळी कप मिळतो आणि फोटो अल्टनच्या भिंतीवर लागतो. ड्यूईचे तीन आहेत. माझा एकही नाही. मी तीस वर्षं काउंटीचे मातीचे रस्ते सपाट करायचं यंत्र चालवलं. याच लोकांचे ट्रक त्या रस्त्यांवरून रानात गेले. असो. मला फोटोंचं वेड नाही.

ड्यूई म्हणत होता की आता मोठे साप उरले नाहीत, सहा फुटी बघायला मिळत नाही, गेले सगळे. मी गप्प बसलो. फक्त म्हटलं, तसं काही नाही. याला सांगणं म्हणत नाहीत.

९ फेब्रुवारी, रविवार
चर्चनंतरच्या जेवणात ड्यूई मागेच लागला. तसं काही नाही म्हणजे काय, ऑर्विल? मी हुशारीनं मोघम उत्तर दिलं. म्हटलं, या काउंटीत एक सात फुटी आहे. काउंटी केवढी मोठी. बस म्हणावं शोधत.

आमचे पाद्री ब्रदर हॅस्केल यांना सगळ्यांसमोर विचारलं की साप मारणं पाप आहे का. ते म्हणाले, देवानं माणसाला सगळ्या प्राण्यांवर सत्ता दिलीय, आणि जरा ते चिकन इकडे सरकवा. मी म्हटलं, सत्ता दिली म्हणजे संपवायचा परवाना दिला असं नाही. दोन बायकांनी माना डोलावल्या. वाक्य नेडीनचं होतं, पण ते सांगायची वेळच आली नाही. अलीकडे माझे विचार फार खोल होत चालले आहेत.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
अटलांटाहून कार्लीनचा फोन. डॅडी, नीट जेवतोस ना? मी म्हटलं, उकडलेलं. (तळलेलं होतं.) मग म्हणाली, ममाची मिस पर्ल दिसते का रे? मी म्हटलं, ऊन पडलं की येते.  ती म्हणाली, मिस पर्ल तिथे आहे ना, तोवर मला वाटतं ममा नुसती मागच्या अंगणात गेलीय. तिला काही होऊ देऊ नकोस, डॅडी.

मी म्हटलं, माझ्या जिवात जीव असेतो तिच्या अंगाला कुणी हात लावणार नाही. वाक्य चांगलं जमलं म्हणून लिहून ठेवतो.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
अल्टनकडे माझी टिंगल. ड्यूई म्हणाला, सात फूट? अरे, यंत्रावरून खाली उतरून तू कधी रान पाहिलंस का? अल्टन म्हणाला, ड्यूईच्या भावजींनी नेडीनच्या शिवणाच्या टेपनं एकच साप दोनदा मोजला असेल. सगळे हसले. मीही हसलो, खिलाडूवृत्ती हवी माणसात. त्यानंतर 'मागच्या कुंपणाजवळ' असं काहीतरी माझ्या तोंडून गेलं असावं. कुणाच्या कुंपणाजवळ ते बोललो नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार
संकल्प. मेळा होईपर्यंत अल्टनकडे पाऊल टाकायचं नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार
अल्टनकडे गेलो. मानेवरचे केस कॉलरला टोचत होते.

३ मार्च, मंगळवार
ड्यूई केक घेऊन आला, त्याच्या बायकोनं केलेला. खाऊन झाल्यावर मागे गेला आणि माझ्या कुंपणाची तारीफ करत उभा राहिला. इतक्या वर्षांत या माणसानं माझ्या कुठल्याच गोष्टीला चांगलं म्हटलेलं नाही.

बीळ मीच दाखवलं. नाहीतर त्यानं शोधलं असतंच, आणि शोधताना पाय बिय मोडला असता तर? मिस पर्ल बाहेर नव्हती. ड्यूई वाकून म्हणाला, तोंड बघ कसं घासून गुळगुळीत झालंय, आत मोठं धूड आहे, ऑर्विल. त्यानं असं आदरानं माझं नाव घेतलं तेव्हा खरं सांगतो, ते बीळ मीच खणल्यासारखं वाटलं.

तुला विचारल्याशिवाय काही करणार नाही, असं तो म्हणाला. ड्यूईचा शब्द म्हणजे शब्द.

८ मार्च, रविवार
नीट विचार केला. नेडीन म्हणाली, मारू नकोस. मोजू नकोस असं म्हणाली नव्हती. मेळ्यात साप आधी मोजतात, फोटो काढतात. पुढे तंबूमागे कातडीवाले काय करतात तो वेगळा विषय. आपण मोजायची, फोटो काढायचा आणि संध्याकाळी परत बिळाशी आणून सोडायची. शब्दही राहिला, आणि गावालाही कळलं. उलट नेडीनला अभिमानच वाटेल, तिच्या मिस पर्लला कप मिळाला म्हणून.

ड्यूईला सांगितलं. परत सोडायची म्हणजे सोडायची. तो म्हणाला, हो हो, सोडू की. बुटांकडे बघत म्हणाला.

११ मार्च, बुधवार
आठवडाभर थंडी आणि ओल. मिस पर्ल बाहेर येत नाही. शनिवारी मेळा. ड्यूई म्हणाला, मग नळी घालू. बिळात रबरी नळी सारायची, थोडं पेट्रोल ओतायचं, आत वाफ कोंडली की साप बाहेर येतो. हे कायद्यात बसत नाही. शिवाय त्या बिळात कासव आहे, बेडूक आहेत, उंदीर आहेत. नेडीन म्हणायची, एका घरात एवढे भाडेकरू, आणि एकाचीही कटकट नाही.

मी साफ नाही म्हटलं. ड्यूई म्हणाला, ठीक आहे बाबा, मग तुझा सात फुटी तुझ्या तोंडातच राहू दे.

मी विचारलं, थोडं म्हणजे किती पेट्रोल.

१३ मार्च, शुक्रवार, दुपार
नळी मी धरली. सगळं हळुवार व्हावं म्हणून. ड्यूईनं अर्धा डबा ओतला असता.

ओतायच्या आधी नळीला कान लावून ऐकतात. आत साप असला तर खुळखुळा ऐकू येतो. ड्यूईचा कान कामातून गेलाय, म्हणून कान मी लावला. आधी काहीच नाही. मग अगदी खोलातून आवाज आला, वाळक्या शेंगा हलवाव्या तसा. अकरा वर्षांत पहिल्यांदा ऐकला. नेडीनवर तिनं कधी वाजवला नव्हता.

ड्यूईनं विचारलं, आहे?

'नाही' म्हणता आलं असतं. त्यानं विश्वास ठेवला असता, डबा उचलून घरी गेला असता.

मी म्हटलं, आहे. आणि मोठी आहे.

एक कप ओतलं. मग तो म्हणाला म्हणून आणखी एक. तासाभरानं ती बाहेर आली. वेटोळं घातलं नाही, डोकं उचललं नाही. दारू प्यायलेल्या माणसासारखी वाट चाचपत आली. ड्यूईनं आकडीनं उचलून पिंपात टाकली. मी एवढ्या जवळून तिला कधी पाहिलंच नव्हतं. कुंपणापासून दिसायची त्याहून बारीक होती.

कासव बाहेर आलं नाही. अजून आलेलं नाही.

१४ मार्च, शनिवार
दाढी करून, नेडीननं इस्त्री करून ठेवलेला शेवटचा शर्ट घालून मेळ्यात गेलो.

मोजायला ड्यूईनं नेली, मी गर्दीमागून आकडा ऐकला. पाच फूट दोन इंच. अकरावा नंबर. कुणी हसलंसुद्धा नाही. मोजणारा म्हणाला, पुढचा.

ड्यूईला शोधून म्हटलं, चल, आता तिला परत सोडू. तो म्हणाला, अरे ऑर्विल, सकाळी पिंप उघडलं तेव्हाच ती गेलेली होती. वाफ फुप्फुसात गेली की कधीकधी जातात. मेलेली सरळ पडते म्हणून पाच-दोन तरी भरली, जिवंत असती तर तेवढीही भरली नसती. कातडीवाल्याला देऊन टाकलीय. एवढं काय तोंड करतोस, साप होता तो.

हे मी काल म्हणालो असतो. परवा तर नक्कीच.

घरी येऊन बिळाशी बसलो. नेडीनचं स्टूल तिथेच असतं. पेट्रोलचा वास अजून येतोय. ड्यूईनं नाही मारली, वाफेनं नाही मारली. नेडीन, तुझी मिस पर्ल मी मारली. मला भिंतीवर लागायचं होतं.

१५ मार्च, रविवार
चर्चला गेलो नाही. लख्ख ऊन आहे.

अकराला कार्लीनचा फोन. म्हणाली, इकडे काय सुंदर ऊन पडलंय, डॅडी, तिकडेही असेल ना? आज नक्की आली असेल ती बाहेर. मी म्हटलं, हो, सकाळीच आली. कशी दिसते, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, मोठी. या वर्षी खूपच मोठी दिसते. ती जराशी रडली. म्हणाली, तू सांभाळलंस रे तिला. ईस्टरला येते मी, दोघं तिच्याजवळ बसू, ममा बसायची तसं.

मी म्हटलं, ये.