चेसिस नसलेली गाडी

३ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

दादा, आधी बस, मग वाच. मी आखतेय त्या गाडीला चेसिसच नाही! खाली सांगाडा नि वर डबा, असं काही नाही. पत्र्याचं कवचच सगळा भार पेलतं, अंड्यासारखं. विमानाचं अंगही असंच असतं. जन्मभर ट्रकच्या बॉड्या बांधणाऱ्या माणसाने आता कपाळाला हात लावला असेल!

गोम आहे दारात. दारासाठी पत्रा कापला की चाचणीत पिळताना कवच कोपऱ्यातून फाटतं. दोन कवचं गेली. साहेब म्हणाले, तिसरं गेलं तर हा नाद सोडा, चेसिस घाला. चाचणी वीस तारखेला आहे. सोबत चित्र पाठवलंय.

वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, हसून हसून कमी करू नकोस.

तुझी,
टिटवी

८ फेब्रुवारी

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

तुझी वहिनी म्हणाली, अंडं म्हटलं की टिटवीचा कलकलाट आलाच, वन्सं योग्य जागी पोचल्या. मला मात्र बिनकण्याची गाडी अजून पटत नाही. पण बहिणीचं नाक कापलेलं त्याहून पटणार नाही.

बाई गं, दाराचे कोपरे असे काटकोनी कशाला? टोकदार कोपरा दिसला की पत्रा तिथूनच फाटायला बघतो. माझ्या पहिल्या बॉडीच्या खिडक्या अशाच गेल्या, तेव्हा उस्तादांनी कान लालबुंद केला होता. तेव्हापासून मी कोपऱ्यावर बशी ठेवूनच रेघ मारतो. कोपरे गोल कर, कड आत दुमडून घे. निकाल लगेच कळव, वहिनी रोज पोस्टमनला अडवतेय.

तुझा,
दादा

२१ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न.

टिकलं! टिकलं! टिकलं!

जिथे आधीची दोन फाटली, मशीनवरच्या त्या आकड्यावर मी डोळे गच्च मिटले. कवच नुसतं कुरकुरलं. आकडा चढतच गेला, शेवटी मशीनच बंद करावं लागलं. मी अशी किंचाळले की शेजारच्या खात्यातली माणसं आग लागली समजून बाहेर पळाली!

साहेबांनी विचारलं, गोल कोपऱ्यांची ही कल्पना कुठल्या पुस्तकातली? मी म्हटलं, पुस्तकातली नाही, माझ्या दादाची, सातवीत शाळा सोडलेल्या. ते म्हणाले, त्यांना बोलवा, आमच्या इंजिनिअरांना पत्रा शिकवायचाय.

येतोस ना?

तुझी,
टिटवी

२६ फेब्रुवारी

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

दोन तिकिटं काढली. वहिनीने अख्ख्या गल्लीला सांगितलंय की हे आता इंजिनिअरांचे मास्तर झाले. काल आरशासमोर उभा राहून 'नमस्कार मंडळी' म्हणून पाहिलं, तर आवाजच फुटेना. मग तिने स्वयंपाकघरातले सगळे डबे ओट्यावर रांगेत मांडले आणि म्हणाली, हे तुमचे इंजिनिअर, करा सुरुवात. अर्धा तास बोललो गं! एकानेही उलट प्रश्न विचारला नाही.

माया अशीच ठेव, आणि पहिल्या रांगेत बस.

तुझा,
दादा