मामंजींची बिस्किटं

४ फेब्रुवारी
मामंजींना दवाखान्यातून घरी आणलं. "एक झटका निभावला, दुसरा निभावणार नाही," डॉक्टर म्हणाले. हे वारल्यापासून घरात सासरा आणि सून, दोघंच. मामंजींनाही जाऊ द्यायचं? मुळीच नाही!

५ फेब्रुवारी
लोणी बंद. तळण बंद. मामंजी फुगून बसलेत. "त्यापेक्षा दवाखान्यातच ठेवायचं होतंस!"

९ फेब्रुवारी
आहारतज्ज्ञ बाईंकडे गेले होते. वाटलं, शाबासकी मिळेल. त्यांनी विचारलं, "चहाबरोबर काय देता?" बिस्किटं, टोस्ट — तळलेलं काही नाही हो! बाई हसल्या. "बिस्किट खुसखुशीत होतं कशानं?"

बऱ्याचदा तेल घट्ट करून घालतात म्हणे, आणि त्यातलं 'ट्रान्स फॅट' रक्तवाहिन्यांना नडतं. पाकिटावर 'हायड्रोजनेटेड', 'वनस्पती तूप', 'शॉर्टनिंग' दिसलं की पाकीट परत फळीवर! पाम तेलही बेतानंच. पण सगळेच स्निग्ध पदार्थ वाईट नाहीत — शेंगदाणे, अक्रोड मूठभर चालतील. मी विचारलं, "आणि पुढे मोठ्या अक्षरात 'ट्रान्स फॅट शून्य' असतं ते?" तर म्हणाल्या, "मागची बारीक अक्षरं वाचा. अगदी थोडं असलं तर बऱ्याच ठिकाणी शून्य छापायची मुभा असते."

म्हणजे मी इतके दिवस दाराला कडी लावून खिडकी उघडी ठेवली होती. फार वाईट वाटलं.

१० फेब्रुवारी
मामंजी घड्याळं दुरुस्त करतात. आज ती बाजूला सारली आणि डोळ्याला भिंग लावून कपाटातली पाकिटं वाचत बसले. "लबाड लेकाचे! पुढे हृदयाचं चित्र, मागे ही भानगड!" तेलाच्या डब्यावर 'कोलेस्टेरॉलमुक्त' लिहिलंय. मी सांगितलं, वनस्पतीच्या तेलात ते मुळातच नसतं, बाई म्हणाल्या. मामंजी म्हणाले, "मग मीही पाटी लावतो — बिनशेपटीचा माणूस!" कितीतरी दिवसांनी हसले. मला रडूच आलं.

अर्धं कपाट रिकामं झालं. क्रीमची बिस्किटं, केक, टोस्ट. टाकवेना. ऑफिसला नेते आहे. नाहीतरी दुपारी जेवणाच्या जागी मी वर्षानुवर्षं हेच खाते. मला काय धाड भरलीय!

२ मार्च
मामंजी आता गिऱ्हाइकांच्या पिशव्याही तपासतात. एक बाई घड्याळ न घेताच निघून गेल्या.

१२ मे
आज मामंजींचं रक्त तपासायला दिलं. माझंही. "मी एकट्यानं का टोचून घ्यायचं?" म्हणून हटूनच बसले होते.

१४ मे
मामंजींचे आकडे उतरले! माझे त्यांच्यापेक्षा वर. डॉक्टरांनी रिपोर्टवरचं नाव पुन्हा तपासून पाहिलं. घरी आल्यावर मामंजींनी माझा हात घट्ट धरला. "मुलगा गेला, सोसलं. आता तूही मला पोरका करायला निघालीस का गं?"