गजावरची करंगळी

तीर्थरूप बाबा,

तुम्हा दोघांच्या पायांवर डोकं ठेवते. मी बरी आहे, वेळेवर जेवते. आईचा खोकला थांबला का?

सरांनी पहिल्याच दिवशी झापलं, "व्हायोलिनचा गज धरताना करंगळी हवेत का? ही खोड कुणाची?" मी म्हटलं, माझीच. तुमची करंगळी मशिनमध्ये गेली, आणि तुमचं बघून मी चारच बोटांनी धरायला शिकले, हे त्यांना कशाला सांगू?

परीक्षेपर्यंत सुधारलं नाही, तर घरी पाठवतील. रोज पाच तास नुसता गज ओढते. करंगळी सुजलीय, पण काळजी नको.

आवाज स्वच्छ झालाय, बाबा. पूर्वी डोळे मिटून वाजवलं की तुम्हीच वाजवताय असं वाटायचं. आता कितीही घट्ट मिटले तरी तुम्ही ऐकू येत नाही.

तुमचीच,
धाकटी