गोदाक्काच्या तोंडातलं पान

४ नोव्हेंबर १९९६
प्रथमोपचाराचा वर्ग आज संपला. डॉक्टरांचा शेवटचा धडा: माणूस बेशुद्ध असेल तर कुशीवर वळवा, तोंडात दिसेल ते काढा, आणि तोंडात काहीही घालू नका. पाण्याचा थेंबसुद्धा नाही, तो श्वासनळीत जातो. शुद्धीत असेल, गिळता येत असेल, तरच साखरेचं पाणी वगैरे.
दुपारी आश्रमातल्या सेविकांना तेच शिकवलं. शांताला सतरंजीवर आडवं करून वळवून दाखवलं. ती हसून बेजार. "ताई, गुदगुल्या!" मग उठून बसली आणि एकदम, "गंगाजल पण नाही?"
"नाही."
कुणी हसलं नाही. इथे प्रत्येक खाटेच्या उशाशी गंगेचा गडू. शेजारी वाटीत तुळस, रोज ताजी. नाशिक, सांगली, कुठून कुठून ही माणसं काशीत मरायलाच आलेली. हे सगळं ठाऊक असून मी किती सहज 'नाही' म्हटलं. शिकून आल्याचा तोरा होता का त्यात? थोडा होता.

९ नोव्हेंबर
आश्रमाचे सचिव नाना आले होते. "वसुधाबाई, तुम्ही म्हणे गंगाजल बंद केलंत?"
"बेशुद्ध माणसाला, नाना."
"मग काय शुद्धीतल्याला? शुद्धीतला चहा मागतो." सगळे हसले. मीही हसले. का हसले? संध्याकाळभर स्वतःवरच चिडचिड.
मी निघताना गोदाक्काने हटकलं. ब्याऐंशीची, सांगलीची, इथे सगळ्यांत जुनी. नऊ वर्षं काशीची वेस ओलांडलेली नाही, बाहेर मरण यायला नको म्हणून. "वसू, माझ्यावर नको हो तुझे प्रयोग."

२२ नोव्हेंबर
काल लिहिणं शक्य नव्हतं.
काल कार्तिकी एकादशी. गोदाक्काचा निर्जळी उपास. सकाळी शांताने नेहमीप्रमाणे मधुमेहाची गोळी तिच्या हातावर ठेवली, तिने नेहमीप्रमाणे घेतली; औषधाचा घोट ती उपासात धरत नाही. पोटात काही नाही. गोळी मला माहीत, एकादशी मला माहीत. दोन्ही एकत्र डोक्यात आलं नाही.
दुपारी कोठीत होते. वरून विष्णुसहस्रनाम ऐकू आलं. अवेळी कसं, म्हणून गेले, तर गोदाक्का खाटेवर उताणी, घामाने भिजलेली, डोळे अर्धे उघडे. बायका भोवती बसलेल्या. शांता चमच्याने तोंडात पाणी घालतेय आणि घशातून घरघर येतेय. मला कुणी हाक मारली नव्हती. हे मनातून जात नाही. इतकं शिकवून, त्यांना पहिल्यांदा आठवला तो गडू.
चमचा हिसकावला. कुशीवर वळवलं. पाणी बाहेर आलं. गालात तुळशीचं पान होतं, बोटाने काढलं. मागून कुणीतरी "अरे देवा" म्हणालं, जणू मी चोरी केली.
गल्लीत रिक्षा येत नाही. शेजारच्या चौघांनी खाटेसकट उचललं, मी डोकं धरून. दूधविनायकाच्या वळणावर लोक भिंतीला टेकून वाट देत होते. एकाने हात जोडून "राम नाम सत्य है" म्हटलं. मी ओरडले, "ज़िंदा हैं!" तो म्हणाला, "अच्छा, अच्छा," आणि तसाच हात जोडून उभा.
इस्पितळात शिरेतून साखर दिली. थोड्या वेळात डोळे उघडले. आमच्या वर्गाचेच डॉक्टर होते. म्हणाले, वेळेवर वळवलंत. वर्गाचं नाव काढलंत.
खूश झाले होते. लिहून ठेवते, खूश झाले होते.

२६ नोव्हेंबर
गोदाक्का परत आली. माझ्याशी बोलत नाही. इतरांशी बोलते.

२८ नोव्हेंबर
आज बोलली. वेणी घालून देत होते, पाठमोरी होती.
"पान कुठे टाकलंस?"
मला आधी कळेचना.
"माझ्या तोंडातलं. कुठे टाकलंस?"
फडक्याला पुसलं होतं. फडकं धुण्यात. सांगितलं.
"मला ऐकू येत होतं गं. बायका म्हणत होत्या ते. जिभेला पाणी लागलं होतं. कसली म्हणून भीती नव्हती. नऊ वर्षं ज्याच्यासाठी बसले ते दारात आलं होतं, आणि तू तोंडात बोट घालून..."
मी म्हटलं, आक्का, ते मरण नव्हतं. साखर उतरली होती. साधी गोष्ट.
"मरण काय नाव सांगून येतं?"
वेणी अर्धी राहिली. तिने स्वतःच बांधली.

१ डिसेंबर
नानांनी बैठक घेतली. ठरलं: अंतकाळी गंगाजल कुणी अडवू नये. मी विचारलं, अंतकाळ आहे हे कोण ठरवणार?
"सगळ्यांना दिसतंच की."
"एकादशीलाही सगळ्यांना दिसलं होतं."
नाना हळूच म्हणाले, "बाई, ती ब्याऐंशीची आहे." म्हणजे काय ते त्यांनी पुरं केलं नाही. मीही करायला लावलं नाही. लावायला हवं होतं.
जिन्यात शांता. "ताई, अब तो यमराजालाही तुमची परमिशन लागणार." थट्टाच होती. पण नंतर डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "मी तर पुण्य करत होते ना? तुम्ही सगळ्यांच्या समोर चमचा ओढला." तिची माफी मागितली. चमचा ओढल्याबद्दल नाही, सगळ्यांसमोर ओढल्याबद्दल. तिला फरक कळला नाही. मलाही नीट कळलेला नाही.

३ डिसेंबर
पंचगंगा घाटावर जाऊन बसले. खरं काय? गोदाक्का पाणी घशात अडकून गुदमरली असती. ते तिला हवं असलेलं मरण, की आमच्या अडाणीपणाने आलेलं? आणि तिला वाचवलं ते तिच्यासाठी, की मला येतं हे बघायला? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर टाळून घरी आले.

५ डिसेंबर
गोदाक्काने बोलावलं. गडू माझ्या हातात दिला.
"हा तुझ्याकडे ठेव. वेळ येईल तेव्हा तूच घाल. दुसऱ्या कुणी नाही."
"मीच का, आक्का?"
"तू घातलंस तर तू काढणार नाहीस."
शपथ घे म्हणाली. घेतली नाही. गडू परतही केला नाही. नुसती धरून उभी, मूर्खासारखी. तिला वाटलं कबूल झाले. वाटू दिलं.
मी निघताना म्हणाली, "उद्या एकादशी. मी काही खाणार नाही, उगाच मागे लागू नकोस."
गोळ्या तिच्या फळीवरून काढून आणल्या. शांताला बजावलं, उद्या गोळी नाही, आणि काही वाटलं तर आधी मला हाक. "हो ताई" म्हणाली, माझ्याकडे न बघता.
सकाळी लवकर तिच्या खोलीत जाऊन बसेन. वाटीत साखर काढून ठेवली आहे. गडू शेजारीच. दुसरीकडे ठेवायला जागा होती, पण हलवला नाही.