वीस मिनिटांची खुर्ची

ती. अक्कास,

साष्टांग नमस्कार (गुडघा आखडल्यामुळे सध्या कागदावरच घालतो आहे, चालवून घे). तुझी कंबर आणि भावोजींचा स्वभाव, दोन्हींना आता उतार पडला असेल अशी आशा करतो.

गेल्या सोमवारी सकाळी मी खुर्चीत बसून जप केला. यात कळवण्यासारखं काय, असं तू म्हणशील. पण अक्का, त्या खुर्च्या घरात येऊन अकरा वर्षं झाली आणि मी त्यांतल्या एकीवर बसलो तो त्या दिवशी पहिल्यांदा. जप मी जमिनीवर बसून करतो, चहा उभ्यानं घेतो आणि दिवसभर दुसऱ्यांची हॉटेलं सजवत फिरतो. जिन्यात पाय घसरला नसता तर अजूनही बसलो नसतो. चाळिसाव्या मण्याला मी खुर्चीत पुढे सरकलो होतो. साठाव्याला दोन्ही पाय जमिनीत रोवून स्वतःला थोपवत होतो. ऐंशीच्या सुमारास तोंडात देवाचं नाव आणि मनात ‘आता उठावं’, अशी ओढाताण सुरू झाली, आणि शंभराच्या आत मी उठलोसुद्धा. जन्मात पहिल्यांदा माळ अर्धवट राहिली. देवाची क्षमा मागता मागता लक्षात आलं, की हा काही देवाचा कोप नाही, ही माझीच कारागिरी.

धंद्यातली गोष्ट सांगतो (भावोजींना सांगू नकोस, ते बाहेर खायला जायचं सोडतील). गर्दीच्या हॉटेलाचा मालक आम्हाला म्हणतो, गिऱ्हाईक खूश व्हायला हवं, पण वीस मिनिटांत उठायलाही हवं. मग आम्ही खुर्चीचे मागचे पाय दोन बोटं उंच ठेवतो. डोळ्यांना काही दिसत नाही. माणूस मात्र हळूहळू पुढे घरंगळतो आणि आपल्याला काहीतरी काम आठवलं असं समजून निघून जातो. ही युक्ती माझी. तिच्यासाठी मला बक्षीसही मिळालं होतं. तसल्या एका कामातून उरलेल्या सहा खुर्च्या मी घरी आणल्या. काही वाया घालवू नये, हे आपल्या गावच्या शाळेत शिकलो होतो. माणसाला कुठं बसवतो आहोत ते आधी बघावं, हे बहुधा मी गैरहजर होतो त्या दिवशी शिकवलं असावं.

मग एकेक पाहुणा आठवू लागला. शेजारचे मास्तर अर्धा चहा ठेवून उठायचे आणि मी म्हणायचो, माणूस वेळेचा किती पक्का! आणि मग बाबा आठवले. आठ दिवसांचे कपडे घेऊन आले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत गेले. तुला एवढंच म्हणाले, “करमलं नाही.” तू फोनवर मला म्हणालीस, “तुझ्या बायकोनं धड विचारलं नसणार त्यांना!” मी तिची बाजू घेतली नाही. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं होतं. पुढच्या थंडीत बाबा गेले, तू इथं यायचं सोडलंस, आणि तुझ्या भावजयीनं दहा वर्षं तो आळ निमूट सोसला. तिनं कसूर केली नव्हती, अक्का. बाबांना खुर्चीनं उठवलं.

त्याच दुपारी सुताराला बोलावलं. तो म्हणाला, “साहेब, वीस वर्षं पाय उंच करायला लावलेत, आता कापायला दुसरा बघा.” मग मीच करवत घेतली. एक पाय जास्त कापला गेला, म्हणून दुसरा कापला, मग पुढचे कापावे लागले. मांजरांचं लोणी वाटणाऱ्या माकडासारखी माझी गत झाली. पण सहाही खुर्च्या आता सपाट आहेत. बायकोची माफी माझ्या वाटणीची मी मागितली. तुझ्या वाटणीचं तू बघ. लहान तोंडी मोठा घास घेतला असेल तर कान धर, पण त्यासाठी इथं यावं लागेल.

तुझा धाकटा

ता. क. खुर्च्या फारच बुटक्या झाल्या आहेत. बसलेल्याला कुणीतरी हात दिल्याशिवाय उठता येत नाही. तेव्हा आठ दिवसांचे कपडे आण.

ता. क. २. बायकोनं पत्र वाचलं. म्हणाली, “खुर्चीवर कशाला खापर फोडता? बाबा दर थोड्या वेळानं उठून फाटकापर्यंत जायचे, तुम्ही येताय का बघायला. आणि परत त्याच खुर्चीत येऊन बसायचे.” ते दोन्ही दिवस मी एका हॉटेलाचे पडदे निवडत होतो. पाहुण्यांना घरच्यासारखं वाटावं म्हणून.

ता. क. ३. दोनशे खोल्यांच्या नव्या हॉटेलाचं काम आलं होतं. काल मालकाला फोन करून नाही म्हणून सांगितलं. त्यानं कारण विचारलं. म्हटलं, बहीण राहायला यायची आहे, घरी असायला हवं. तो म्हणाला, कधी येणार? म्हटलं, तिला अजून विचारलेलं नाही.