आळीचा बेलभंडारा

सांगली, रविवार

प्रिय उदय,

फोनवर तू मध्येच ‘बरं, ठेवतो’ म्हणतोस, म्हणून हे पत्र कुरिअरने कोईमतूरला पाठवते आहे. पत्र मध्येच ठेवता येत नाही. फार तर फाडता येतं.

परवा साताऱ्याला गेले होते. घरपट्टी थकली की घराचा लिलाव करायचा, तो कायदा सुधारायचं सरकारच्या मनात आलं आहे आणि त्यासाठी नेमलेल्या समितीने आम्हा वकिलांच्या सूचना मागवल्या होत्या. मी दोनच मांडल्या. बंद दाराला नोटीस चिकटवली की ती मालकाला पोचली, असं समजणं थांबवा. सोनं गाळण्याच्या गलाई धंद्यापायी आमच्या भागातली घरंच्या घरं परमुलखात असतात, दाराला कुलूप ठरलेलं. आणि लिलावात कुणी बोलीच लावली नाही तर पालिकेने नाममात्र एका रुपयात घर आपल्या नावावर करून घ्यायचं, ही तरतूद काढून टाका. साहेबांनी मान डोलावली, चहा बरा होता, सूचना विचाराधीन आहेत. विचाराधीन म्हणजे काय ते तुला सांगायला नको. तुझं लग्न होईपर्यंत आपणही चार वर्षं विचाराधीनच होतो.

येताना वाट वाकडी करून गावात गेले. तुझ्या दारावरचा जप्तीचा कागद उन्हाने पिवळा पडला आहे. समोरच्या शालूबाईंनी मला हाताला धरून ओट्यावर बसवलं आणि म्हणाल्या, “आवं वकीलबाई, काय बी काळजी करू नगासा. सगळ्या आळीनं भैरोबाच्या देवळात बेलभंडारा उचललाय. उदयच्या घरावर कुणी बोली लावायची न्हाई. बगू कोण घेतंय ते!” विट्याहून एक जण घर घ्यायच्या चौकशीला आला होता, त्यालाही चहा पाजून, शपथेची हकिकत ऐकवून त्यांनी वाटेला लावलं. बाईंचा चेहरा इतका फुलला होता की मला धड बोलवेना, धड गप्पही बसवेना. शेवटी सांगितलं, की बोली लागली तर थकबाकी कापून उरलेले पैसे उदयला मिळतील. नाही लागली तर घर जाईल आणि त्याच्या हाताला दमडी लागणार नाही. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “व्हय, पन भंडारा उचललाय न्हवं!” भैरोबाच्या शपथेवर अपील चालत नाही.

आळीची माया ऐकून तुझे डोळे भरून आले, असं तू फोनवर म्हणालास. मायेला मी नावं ठेवत नाही. पण तुझं दुकान बंद पडलं आहे, तुझ्या मयूरीच्या कॉलेजची फी दोनदा पुढे ढकलून झाली आहे आणि त्या घराखेरीज तुझ्याकडे विकण्यासारखं काही नाही. दंडावर दंड चढून थकबाकी मूळ पट्टीच्या तिप्पट झाली खरी, तरी घराच्या किमतीपुढे ती किरकोळच. मी घर सरळ विकत मागितलं तेव्हा तू म्हणालास, आईने जाताना शब्द घेतला होता, घर बौद्ध वस्तीतल्या कुणाला द्यायचं नाही. आईंचं ऐकून तू मला नाकारलंस, आता त्यांचंच ऐकून घरही नाकारतोयस. वागण्यात सातत्य आहे, एवढं मान्य करायला हवं.

तर आता मुद्द्याचं. वीस तारखेच्या लिलावासाठी मी अनामत भरली आहे. बोली मी लावणार आहे, आणि बाजारभावाला धरून लावणार आहे, म्हणजे तुझ्या वाट्याला नीट रक्कम उरेल. शब्द मोडल्याचं पाप तुझ्या माथी येत नाही. विकणारी पालिका, घेणारी मी. आळी म्हणेल, हिने डाव साधला. तुलाही तसं वाटेल. थकबाकी गुपचूप भरून घर सोडवणं मला जमलं असतं, हे तुझ्या लक्षात येईलच, म्हणून मीच सांगते, ते मी केलं नाही. घर पुन्हा कुलपातच राहिलं असतं, हे एक कारण. खरं कारण, मला ते घर हवं आहे. तुझ्यावरचा राग केव्हाच निवला. ओढ काही निवली नाही. कधीच आतून न पाहिलेल्या त्या माजघरात विसाव्या वर्षी मी मनातल्या मनात माझी भांडी लावून ठेवली होती. पैसे मिळाले की मला परत पाठवायचा मानीपणा करू नकोस, पोरीची फी भर. आणि वीस तारखेला तू येणार आहेस, असं शालूबाई म्हणाल्या. येऊ नकोस. एवढंच मागायला हे पत्र लिहिलं. तू समोर उभा असलास तर माझ्याने बोली लावणं होणार नाही.

कधीकाळची तुझीच,
स्वप्ना